नाताळच्या आदल्या दिवशीचा ताळेबंद

(दृश्य: मँचेस्टर, गॉर्टन. विटांची उंच इमारत. मग आतलं लांब दालन, खांबांवरचे संतांचे पुतळे.)

मँचेस्टरच्या गॉर्टन भागातला हा फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातल्या कॅथलिक संन्याशांचा मठ. आराखडा एडवर्ड वेल्बी प्युजिन यांचा, बांधकामात खुद्द मठवासींचे हात. 1989 मध्ये मठ बंद झाला, इमारत मोडकळीला आली, मग लोकांनी ती पुन्हा उभी केली. वर पाहा, छत किती उंच आहे. या छताखाली मिसरूड फुटायच्या वयातला एक मुलगा संन्यासी व्हायला आला होता. आयरिश वंशाच्या कॅथलिक घरातला जोसेफ मॅकेब. जन्म 1867 चा.

(दृश्य: लांब ओवरी, दगडी फरशी, बंद दारं.)

मठात बुद्धीला वाव नव्हता असं आपण सहज म्हणून टाकतो. मॅकेब यांच्या बाबतीत ते खरं नाही. मठाने त्यांना लॅटिन दिली, तत्त्वज्ञान दिलं, बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठात पाठवलं. तिथे त्यांचे शिक्षक होते मर्सिए, जे पुढे कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी झाले. 1890 मध्ये धर्मगुरू होऊन जोसेफचे फादर अँटनी झाले आणि लंडनच्या फॉरेस्ट गेट इथल्या मठात तत्त्वज्ञान शिकवू लागले.

शंका मात्र त्याआधीपासूनच होती. आयर्लंडमध्ये किलार्नीला संन्यासाची उमेदवारी करतानाच तिने मूळ धरलं होतं. वरिष्ठांना सांगून झालं, प्रार्थना करून झाली. वर्गात ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे शिकवायचे आणि आपल्या खोलीत तेच पुरावे पुन्हा तपासायचे, असं वर्षानुवर्षं चाललं. हा माणूस श्रद्धेवर रुसून बाहेर पडला नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. आपली श्रद्धा टिकावी म्हणून त्याने जिवापाड अभ्यास केला होता.

(दृश्य: कोरा कागद, मधोमध ओढलेली रेघ. दौत, टाक.)

1895 च्या अखेरीस बकिंगहॅम इथल्या नव्या फ्रान्सिस्कन विद्यालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली. नाताळ जवळ आला होता. मॅकेब यांनी एक कागद घेतला आणि हिशेबनीस करतो तसे त्याचे दोन रकाने केले. एका बाजूला ईश्वर आणि आत्म्याचं अमरत्व यांच्या बाजूचे युक्तिवाद, दुसऱ्या बाजूला विरोधातले. एकेक मुद्दा घ्यायचा, तोलायचा, टिकला नाही तर खोडायचा. नाताळच्या आदल्या दिवशी हिशेब पुरा झाला आणि खाली त्यांनी एकच शब्द लिहिला: दिवाळखोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तीन मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनाविधी केले. गावातल्या चर्चच्या घंटा वाजत होत्या. त्या सकाळी आपण बेघर आणि दिशाहीन झालो, पण दहा वर्षांचं शंकेचं ओझंही उतरलं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

(दृश्य: कागदावरून कॅमेरा खिडकीकडे. निवेदन थांबतं.)

1896 च्या फेब्रुवारीत त्यांनी मठ सोडला. पुढच्याच वर्षी मठातल्या बारा वर्षांवरचं त्यांचं पुस्तक आलं.

(दृश्य: लेस्टर, हंबरस्टोन गेट. सेक्युलर हॉलचा दर्शनी भाग. पाचही चेहरे एकेक करून.)

1881 मध्ये खुलं झालेलं लेस्टर सेक्युलर सोसायटीचं, म्हणजे धर्माऐवजी इहलोकाचा विचार करणाऱ्या इहवाद्यांचं हे सभागृह. दर्शनी भागावरचे चेहरे ओळखा: सॉक्रेटिस, येशू, व्हॉल्तेअर, टॉमस पेन, रॉबर्ट ओवेन. इहवाद्यांनी येशूलाही विचारवंतांच्या रांगेत बसवलं होतं! कालपर्यंत धर्मगुरू असलेले मॅकेब इथे काही काळ चिटणीस होते.

(दृश्य: जुनी जर्मन आवृत्ती, शेजारी स्वस्त इंग्रजी आवृत्ती.)

मठातल्या शिस्तीने जोडलेल्या भाषा आता विज्ञानाच्या कामी आल्या. जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांचं विश्वाच्या कोड्यावरचं पुस्तक 1899 मध्ये निघालं. 1900 मध्ये मॅकेब यांनी ते इंग्रजीत आणलं. थोड्याच काळात त्याची सहा पेनीची आवृत्ती निघाली आणि उत्क्रांतीचा वाद विद्यापीठाच्या भिंतींबाहेर, मजुरी करणाऱ्या वाचकापर्यंत गेला. हेकेल यांचं सगळंच काही काळाच्या कसोटीवर उतरलेलं नाही. पण प्रश्न विचारण्याची ती मुभा अमूल्य होती.

(दृश्य: लंडन, लँगहॅम प्लेस. आजचं हॉटेल, त्यावर विरत जाणारं क्वीन्स हॉलचं जुनं छायाचित्र.)

इथे क्वीन्स हॉल होता. 1941 च्या बाँबहल्ल्यात तो जळाला. 11 मार्च 1920 रोजी याच सभागृहात मॅकेब यांच्यासमोर उभे होते शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल. विषय होता, मेलेल्यांचे आत्मे खरंच बोलतात का? महायुद्धात मुलं गमावलेल्या घरांमध्ये तेव्हा माध्यमांचा, म्हणजे मेलेल्यांशी बोलणं घडवतो म्हणणाऱ्यांचा सुळसुळाट होता. डॉईल यांनी नामवंत साक्षीदारांची यादीच आणली होती. मॅकेब यांचा भर साध्या चौकशीवर होता: खोलीत उजेड होता का? माध्यमाचे हात कोणी धरले होते? आधी कोणाची लबाडी पकडली गेली होती? साक्षीदार कितीही मोठा असला तरी हे प्रश्न टळत नाहीत.

(दृश्य: तळहातावर मावणाऱ्या निळ्या पुस्तिका, एकेक उघडत.)

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या गिरार्ड गावी हाल्डेमन-ज्युलियस नावाचे प्रकाशक पाच सेंटला एक अशा या पुस्तिका छापत. मॅकेब यांनी त्यांच्यासाठी शंभरावर लिहिल्या. पोपसत्तेचा इतिहास, उत्क्रांती, नीती, स्त्रियांचा दर्जा... विषय वाचत जा. खिशात घालून कामावर नेता येईल एवढा आकार, आणि कामकऱ्याला परवडेल एवढी किंमत.

दरम्यान संसार मोडला, इंग्लंडमधल्या जुन्या सहकाऱ्यांशीही बिनसलं. 1955 च्या जानेवारीत, 87 व्या वर्षी, मॅकेब लंडनमध्ये वारले.

(दृश्य: चाळीसच्या दशकातल्या पुस्तिकांची मुखपृष्ठं.)

ही मुखपृष्ठं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. व्हॅटिकन आणि फॅसिस्ट राजवटी यांच्या संबंधांवर मॅकेब तेव्हा एकामागून एक पुस्तिका लिहीत होते. सत्तरी उलटून गेली होती, आणि हिशेब तपासणं अजून चालूच होतं.