आधी गाडीचा सातबारा

ओहायोतल्या एका शेतावरच्या कोठारात मी १९७० ची शेव्हरोले शेव्हेल पाहायला गेले होते. गाडी कित्येक वर्षं जागची हललेली नव्हती. धुळीच्या थराखाली मूळचा निळा रंग, जाळीवर एसएस ही अक्षरं आणि विकणाऱ्याचं एकच वाक्य, "खरी एसएस ३९६ आहे." एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, शेव्हेलचा दांडगा अवतार, आणि ३९६ म्हणजे इंजिनाचे घन इंच. माझा ऊर भरून आला होता. अशा वेळी माणूस चूक करतो, म्हणून आजचं सगळं बोलणं त्या गाडीभोवतीच ठेवते. आपल्यापैकी बरेच जण इथे डेट्रॉइटच्या आसपास मोटारींच्याच धंद्यात आहेत. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग पाहून घरी परतताना प्रत्येकाच्या मनात एक कोठार असतंच.

गावाकडे जमीन घेताना आपण आधी सातबारा बघतो, फेरफार बघतो, मग माती हातात घेतो. मसल कारचंही तसंच आहे, आणि त्याला कारण आहे. १९६४ साली पाँटिॲकनं टेम्पेस्ट लमान्स या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचं मोठं इंजिन बसवलं आणि त्या पॅकेजला जीटीओ म्हटलं. पुढच्या कित्येक मसल कार याच वाटेनं आल्या: साधी घरगुती गाडी, वर दांडगं इंजिन. म्हणजे ज्याच्याकडे साधी गाडी आहे, त्याला बिल्ले आणि पट्टे लावून ती 'मसल' करता येते. बिल्ले बाजारात नवेकोरे मिळतात.

काही गाड्या आपला सातबारा सोबत घेऊनच फिरतात. १९७० च्या प्लिमथचा व्हिन नंबर, म्हणजे कारखान्यानं दिलेला ओळख क्रमांक, वाचा. पाचवं अक्षर 'आर' असेल तर कारखान्यातून ४२६ हेमी इंजिन आलं. १९६९ च्या फोर्ड मस्टँगमध्येही पाचवं अक्षर 'आर' असलं तर ४२८ कोब्रा जेट इंजिन. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी तर मार्टी रिपोर्ट मिळतो, कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला. पाँटिॲकचीही जुनी कागदपत्रं मागवता येतात. शेव्हेल मात्र गप्प बसते. १९६६ ते १९६८ च्या एसएस ३९६ चा नंबर १३८ नं सुरू होतो, तेवढं सोपं. १९६९ पासून एसएस हे नुसतं पॅकेज झालं. १९७० चा नंबर १३६३७ नं सुरू झाला तर कळतं इतकंच, की ही आठ सिलिंडरची मालिबू कूपे आहे. आत ३०७ चं गरीब इंजिन असो की ४५० अश्वशक्तीचं ४५४, पहिले आकडे तेच.

मग पुरावा शोधायचा कुठं? कारखान्यात प्रत्येक गाडीसोबत जोडणीचा कागद फिरायचा, त्याला बिल्ड शीट म्हणतात. काम झालं की कामगार तो कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोलच्या टाकीवर तसाच सोडून देत. नव्यानं उभ्या केलेल्या गाडीत तो बहुतेकदा फेकला गेलेला असतो. हात न लागलेल्या गाडीत तो अजून असू शकतो, आणि अशा गाडीचं मोठं मोल इथंच आहे. मी मागची सीट उचलायची परवानगी मागितली. कागद होता, पण उंदरांनी निम्मा खाल्लेला. गाडीचा नंबर शाबूत होता आणि इंजिनाचा रकाना गेलेला.

म्हणून इंजिनाकडे वळले. शेव्हरोलेच्या या इंजिनावर उजवीकडच्या सिलिंडर हेडच्या पुढे एक सपाट पट्टी असते. तिच्यावर इंजिन कुठं आणि कधी जोडलं याचा ठसा असतो, आणि शेजारी गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग. तो व्हिनशी जुळला तर इंजिन याच गाडीचं. पण आकडे पुन्हा ठोकणारेही आहेत. म्हणून आकड्यांआधी पट्टीचा पृष्ठभाग बघा. कारखान्याच्या यंत्रानं तासताना त्यावर एका दिशेनं जाणाऱ्या बारीक समांतर रेघा उमटतात. पट्टी आरशासारखी गुळगुळीत असेल, किंवा गोल घासल्याचे वळसे दिसत असतील, तर तिथून आकडे पुसले गेलेत असं धरून चाला. ब्लॉकवर ओतकामाची तारीखही असते: 'बी १२ ०' म्हणजे १२ फेब्रुवारी १९७०. ओतकाम गाडीच्या जन्माच्या आधीचं हवं, थोड्याच आधीचं. आणि कृपा करून पट्टीला पॉलिश पेपर लावू नका. फडकं आणि थोडं रॉकेल पुरतं. त्या रेघा गेल्या की साक्ष गेली.

माझ्या पट्टीवर मळ निघाल्यावर गाडीचा नंबर दिसलाच नाही. दिसली 'सीई' ही अक्षरं. वॉरंटीत इंजिन बदलून दिलं की शेव्हरोले त्यावर हा ठसा मारायची. म्हणजे फसवणूक नव्हती, पण जन्माचं इंजिनही नव्हतं.

त्यावर नंतर येते. आधी पत्रा. माझ्या वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. ते पत्र्यावर बोटाचं पेर वाजवून सांगायचे, इथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे. इथं माझ्याकडे लोहचुंबक आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं, पण कान तोच वापरते. मिशिगन-ओहायोच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, आणि ते आतून खातं. शेव्हेलमध्ये मागच्या चाकांमागचा खालचा पत्रा, डिकीचा तळ, मागच्या काचेच्या खालची कड आणि मागच्या चाकांवरून वळणारी चॅसी बघायची. छताला व्हिनाइल असेल तर त्याखाली फुगवटे चाचपायचे. शेव्हेलला निदान वेगळी चॅसी आहे. मस्टँग आणि प्लिमथ बाराकुडा यांची तळाची पन्हळंच अंगाशी जोडलेली, तिथं गंज म्हणजे कणाच गेला. म्हणून जमिनीवर पाठ टेका, टॉर्च घ्या आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच दाबून बघा. कपडे खराब होतील, होऊ द्या.

डिकीच्या कडेला कारखान्याच्या स्पॉट वेल्डचे गोल खळगे रांगेत दिसतात का बघा. ते नसतील तर मागचा पत्रा बदललाय. डिकीच्या तळाला शिंतोड्यांचा मूळ रंग आहे का, काचांवरचे तारखेचे कोड गाडीच्या वयाशी जमतात का, तेही बघा. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्यावर, कामगारांनी तपासणीच्या वेळी ओढलेल्या खडूच्या खुणा असतात. हौशी लोक त्या खुणा आज मुद्दाम रंगवून घेतात. हात न लागलेल्या गाडीत त्या खऱ्या असतात. पूर्वी एकदा एका गाडीचा इंजिनाचा भाग मी उत्साहानं प्रेशरच्या पाण्यानं धुवून काढला, आणि त्या सगळ्या खुणा पाण्याबरोबर गेल्या. अजून मला त्याचं वाईट वाटतं.

त्या खुणांचं मोल लिलावात दिसतं. 'बुलिट' या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीननं चालवलेली १९६८ ची मस्टँग एका कुटुंबानं १९७४ साली ६,००० डॉलरला घेतली आणि घरची गाडी म्हणून वापरली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीला ती शुल्कासह ३७.४ लाख डॉलरला गेली. रंग उडालेला, जागोजागी गंज. चित्रपटाची पुण्याई मोठी खरीच, पण चकचकीत रंग दिला असता तर तिच्या अंगावरचा चित्रीकरणाचा पुरावाच पुसला गेला असता.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. दुर्लक्षित गाडी आणि जपलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या गाडीचा मूळ रंग, मूळ आसनं, मूळ पत्रा शिल्लक आहे, तिला जास्त पैसे द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. जिचं फक्त काम राहून गेलंय, तिचा हिशेब वेगळा. तशीच गाडी चांगल्या, चालत्या स्थितीत किती रुपयांना, म्हणजे डॉलरना जाते ते बघा. त्यातून पत्रा, रंग, इंजिन आणि आतल्या कामाचा खर्च वजा करा, आणि खर्च कोटेशनपेक्षा जास्तच धरा. अनेकदा उत्तर शून्याखाली येतं, आणि ती गाडी कितीही आवडली तरी सोडून यावं लागतं.

माझ्या शेव्हेलचं काय झालं ते सांगते. पत्रा बरा होता, मागचे दोन्ही कोपरे सोडून. विकणाऱ्याच्या आईनं चहाच्या वेळी कपाटातून वॉरंटीची जुनी पुस्तिका आणली. तिला एक छोटी धातूची पट्टी चिकटवलेली असते, प्रोटेक्ट-ओ-प्लेट म्हणतात, आणि तिच्यावर गाडीचा नंबर आणि मूळ इंजिनाचा कोड ठोकलेला असतो. नंबर जुळला. कोड ३५० अश्वशक्तीच्या ३९६ चा निघाला, आणि त्या वर्षी शेव्हेलमध्ये ते इंजिन एसएस पॅकेजशिवाय मिळत नसे. तेव्हा मी दर सांगितला: जन्माचं इंजिन असलेल्या गाडीपेक्षा बराच खाली आणि कागद नसलेल्या गाडीपेक्षा बराच वर. दीड तास बोलणी झाली. पुस्तिका आणि उंदरांनी खाल्लेला कागद दोन्ही व्यवहारात धरले, पावतीवर तसं लिहून घेतलं, आणि गाडी न धुता ट्रेलरवर चढवली.