काळी मारबत आणि इनामदारांची एक वाचक

(लंडनमधल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं हे भाषण संकेतस्थळासाठी थोडं संपादित केलं आहे.)

मंडळींनो, नमस्कार.

मला विषय दिला आहे ‘ऐतिहासिक कादंबरी आणि तिचा वाचक’. मी लेखिका नाही, समीक्षकही नाही. नागपूरच्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि फ्रॉक घालायच्या वयापासून वाचत आले. तेव्हा वाचक म्हणूनच बोलते. सुरुवात मात्र पुस्तकापासून नाही, मारबतीपासून करते.

इथे विदर्भातले किती जण आहेत? बरेच दिसतात. बाकीच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद आणि कापड, मग रंग. एक काळी मारबत, एक पिवळी, आणि मागे बडग्यांची, म्हणजे तशाच पुरुषी पुतळ्यांची रांग. ‘ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत मिरवणूक पुढे जाते आणि शेवटी मारबतीचं दहन होतं. बायका लेकरांना तिच्या पायाशी टेकवतात, आणि त्याच मारबतीला पुढे जाऊन आग लावतात. सव्वाशे वर्षांहून जुनी ही रीत.

मी सहा-सात वर्षांची असताना बाबांच्या खांद्यावर बसून इतवारीत काळी मारबत पाहिली. घरी आल्यावर आजीला विचारलं, ही कोण? आजी म्हणाली, ‘बाकाबाई ते. भोसल्यांची राणी. इंग्रजाले मिळाली, म्हणून जाळतेत.’ कोणी त्या मारबतीला पूतना मानतात. आमच्या घरात मात्र ती बाकाबाईच होती, आणि बाकाबाई म्हणजे फितूर. विषय तिथे संपला होता.

तो पुन्हा उघडला एका कादंबरीनं, आणि तीही नागपूरची नव्हती.

नागपूरच्या महाल भागात आमच्या घराजवळ एक वाचनालय होतं. ग्रंथपाल काका मला दोन पुस्तकं द्यायचे, नियम एकाचा असला तरी. चौदाव्या वर्षी त्यांनी ना. सं. इनामदारांची ‘झेप’ हातात ठेवली. १९६३ची ही त्यांची कादंबरी, नायक त्र्यंबकजी डेंगळे. शाळेच्या पुस्तकात त्र्यंबकजीला दोन ओळी होत्या. १८१५ साली पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, तो त्यानं करवला, आणि पेशवाई बुडाली. बस्स, एवढंच.

ती प्रत मला अजून डोळ्यांसमोर दिसते. पाठीला खळ लावून चिकटवलेली पट्टी, आतल्या तारखांच्या कागदाला जागा उरली नाही म्हणून त्यावर दुसरा कागद. मधे एका पानाच्या समासात पेन्सिलनं कुणीतरी लिहिलं होतं, ‘हे खरं?’ खाली निळ्या शाईत दुसऱ्या हातानं, ‘मलाही माहीत नाही. पुढे वाचा.’ वाचकांची एकमेकांना लिहिलेली अशी पत्रं मी नंतर पुष्कळ पुस्तकांत पाहिली, पण ही दोन वाक्यं पाठ झाली.

मी पुढे वाचलं. ठाण्याच्या तुरुंगातून १८१६ मध्ये निसटलेला हा माणूस, दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी म्हणून चढलेला, मालकावर जीव टाकणारा, इंग्रजांच्या डोळ्यांत सलणारा. शेवटी तो गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात कैदेतच १८२९ साली मेला. रात्री आई म्हणाली, ‘वाचून राहिली का अजून? झोप आता.’ दिवा मालवला तरी मला झोप आली नाही. खून त्यानंच करवला का, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही ठामपणे सांगता येणार नाही. पण ज्याच्यावर ठपका आहे त्याच्या घरात जाऊन बसता येतं, त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकता येतं, हे त्या रात्री कळलं. इनामदारांचं ऋण मानते ते यासाठी.

त्यांची माणसं बघा. यशवंतराव होळकर, ज्यानं १८०२च्या दिवाळीत हडपसरला पेशव्यांची फौज मोडली आणि ज्याला लोकांनी पुंड ठरवलं. मस्तानीपायी घरच्यांनीच कोंडीत धरलेला थोरला बाजीराव. आणि ‘मंत्रावेगळा’तला दुसरा बाजीराव. या शेवटच्या नावापाशी मला जरा थांबायचं आहे.

नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. सातवीच्या वर्गात विशेषण शिकवत होते. फळ्यावर उदाहरणं लिहिली, उंच झाड, गोड आंबा, पळपुटा बाजीराव. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘बाई, हे विशेषण त्याला कोणी लावलं?’ तिनं सहज विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही. मी ‘झेप’ वाचलेली बाई, आणि खडू हातात धरून तेच करत होते जे आजीनं बाकाबाईचं केलं होतं. त्या आठवड्यात ‘मंत्रावेगळा’ आणलं. बाजीराव पळाला हे खरं. १८१८च्या जूनमध्ये तो इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला हेही खरं. पण मग तेहेतीस वर्षं ब्रह्मावर्तात, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला, आपल्या माणसांपासून आणि मुळा-मुठेपासून इतक्या दूर तो जगला, १८५१ साली तिथेच मेला. त्या तेहेतीस वर्षांचं काय, हा प्रश्न मला कुठल्याही पाठ्यपुस्तकानं कधी विचारला नव्हता. पुढच्या तासाला मी वर्गात त्या मुलीचं नाव घेऊन सांगितलं की तिचा प्रश्न बरोबर होता, आणि उदाहरण पुसून दुसरं लिहिलं.

आम्हा नागपूरकर वाचकांची एक वेगळीच गोष्ट असते. रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ आली १९६२ साली, दोन वर्षांत तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरानं थेऊरच्या शेवटच्या पानांवर डोळे पुसले. मीही पुसले. मग नागपूरचा इतिहास चाळताना दिसलं, १७६३ मध्ये आमचे जानोजी भोसले निजामाबरोबर पुण्यावर गेले आणि पुणं लुटलं, जाळलं. त्याची फेड म्हणून पुढे पेशवा आणि निजाम एकत्र आले आणि नागपूर जळलं. हे सगळं माधवरावांच्या काळातलं. म्हणजे ज्या पेशव्यासाठी मी रडले, त्याच्या फौजेनं माझं गाव जाळलं होतं. पुस्तक पुन्हा उघडलं आणि पुन्हा रडू आलं. दोन्ही गोष्टी पोटात ठेवता येतात, हे मला कादंबरीनं शिकवलं. सनावळीनं शिकवलं नसतं.

आता बाकाबाईकडे येते. निवृत्तीनंतर आम्ही सात-आठ जणी शनिवारी संध्याकाळी बडकस चौकाजवळ एकीच्या घरी जमतो. एकेक ऐतिहासिक कादंबरी घेतो, आणि तिच्याबरोबर त्या काळाची जमतील तेवढी कागदपत्रं. कादंबरीवर प्रेम असेल तर हे करावंच लागतं. कुठे इतिहास संपला आणि कुठे लेखकानं हात दिला ते कळलं की लेखकाची किंमत वाढते. असंच एकदा ठरलं, आपली मारबत वाचू या.

जे हाती आलं ते थोडक्यात सांगते. १८१६ मध्ये बाकाबाईंचे पती, नागपूरचे राजे दुसरे रघूजी गेले. गादीवरचा मुलगा परसोजी दुबळा. कारभार बाकाबाईंच्या बाजूला येतो न येतो तोच पुतण्या अप्पासाहेबांनी तो ओढून घेतला. तैनाती फौजेचा करार इंग्रजांशी कोणी केला? अप्पासाहेबांनी, त्याच वर्षी. पुढच्या फेब्रुवारीत परसोजी अंथरुणात मेलेला सापडला, आणि तो ठपका अप्पासाहेबांवर आला. मग नोव्हेंबर १८१७ मध्ये तेच अप्पासाहेब सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढले. हरले, कैद झाले, कैदेतून निसटले, आणि १८४० साली जोधपुरात वारले. नागपूरनं त्यांना लढवय्या म्हणून लक्षात ठेवलं, आणि ते योग्यच आहे. गादीवर अल्पवयीन तिसरा रघूजी बसला. त्याच्या मागे बाकाबाई, आणि तिच्या डोक्यावर इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट जेंकिन्स.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीनं नागपूर खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला नेऊन कवडीमोलानं विकले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. आणि सामान उचलायला माणसं वाड्यात आली तेव्हा म्हातारी बाकाबाई म्हणाली, सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन. हे जॉन के या इंग्रज इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. सामान गेलंच.

आणि तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, याच बाईनं आपलं सगळं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं. तेही गॅझेटियरमध्ये आहे. त्यामुळे आजी खोटं बोलली नव्हती. पण ज्या सरकारनं आपले हत्ती बाजारात विकले त्याच सरकारसाठी एक म्हातारी आपल्या माणसांना आवरते, ते का? भीतीनं? उरलेल्यांचा जीव वाचावा म्हणून? चाळीस वर्षांपूर्वीची सीताबर्डी आठवून? की खरंच मनानं ती त्यांची झाली होती? १८५८ मध्ये ती गेली. उत्तर कुठल्याच कागदात आम्हाला मिळालं नाही. त्या शनिवारी आमच्यातली सगळ्यात मोठी, ब्याऐंशी वर्षांची मैत्रीण म्हणाली, ‘इनामदार असते ना, तर हे बाई बोलली असती.’

मीही तेच म्हणते. १९९७च्या नगरच्या साहित्य संमेलनात इनामदार अध्यक्ष होते. मी गेले होते, मागच्या रांगेतून त्यांना पाहिलं. सहीसाठी ‘झेप’ नेली होती, ती वाचनालयातली जुनीच प्रत. मंडपात लक्षात आलं की वाचनालयाच्या पुस्तकावर आपल्यासाठी सही कशी घेणार? तशीच परत आणली. २००२ साली ते गेले. आपल्या भाषेत पराभूतांची, बदनाम झालेल्यांची बाजू इतक्या जिव्हाळ्यानं ऐकणारा माणूस होता, आणि हजारो वाचकांनी त्यांना मनापासून वाचलं, हे मला आज परदेशातल्या माझ्या माणसांसमोर मोठ्यानं म्हणायचं होतं.

आणि एक काम घेऊन आले आहे. तुम्ही लंडनात राहता. सेंट पँक्रास स्टेशनाच्या शेजारी ब्रिटिश लायब्ररी आहे, तिथे इंडिया ऑफिसचं दप्तर आहे, कंपनीच्या काळातला पत्रव्यवहार आहे. वाचकाचा पास फुकट मिळतो. आम्ही नागपुरात बसून गॅझेटियर आणि छापील पुस्तकांपर्यंतच पोचलो. तुमच्यात लिहिणारे आहेत, आजच्या स्मरणिकेत मी दोघा-तिघांच्या कथा वाचल्या, चांगल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणी एका शनिवारी तिथे जाऊन ‘नागपूर’ हा शब्द शोधावा. केच्या पुस्तकातली पानं, गॅझेटियरचा उतारा आणि जेंकिन्सच्या १८२७च्या अहवालातली काही पानं, यांच्या झेरॉक्स मी आणल्या आहेत. तीन संच आहेत, निळ्या पिशवीत, स्टेजच्या डाव्या बाजूला खुर्चीवर. चहाच्या वेळी माझ्याकडून न्या.