पाण्यावर उभं ऑपेरागृह

श्रोतेहो, नमस्कार.

पॅरिसच्या जुन्या ऑपेरागृहाची, म्हणजे पाले गार्निएची, गोष्ट सांगताना बहुतेक जण सोनेरी छतापासून सुरुवात करतात. मी तळघरापासून करणार आहे, कारण या इमारतीच्या पोटात पाणी आहे.

1861 मध्ये पाया खणायला घेतला आणि जमिनीतून पाणी वर येऊ लागलं. वाफेचे पंप कित्येक महिने रात्रंदिवस उपसा करत राहिले, तरी पाणी हटेना. तेव्हा वास्तुकार शार्ल गार्निए यांनी वेगळी वाट धरली. दुहेरी भिंती आणि काँक्रीट-डांबराचे थर देऊन त्यांनी पायातच एक प्रचंड हौद बांधला आणि तो पाण्यानं भरून टाकला. बाहेरून रेटणाऱ्या पाण्याला आतलं पाणी तोलून धरतं, आणि कधी आग लागली तर तेच पाणी हाताशी असतं. हा हौद आजही आहे. पॅरिसच्या अग्निशामक दलाचे जवान तिथे अंधारात पोहण्याचा सराव करतात. पुढे लोकांच्या कल्पनेत या हौदाचं गूढ तळं झालं, पण मला त्या गूढापेक्षा गार्निएंची ही युक्तीच मोठी वाटते.

या इमारतीचं मूळ एका स्फोटात आहे. 14 जानेवारी 1858 च्या संध्याकाळी सम्राट तिसरा नेपोलियन आणि सम्राज्ञी युजेनी ल पलतिए रस्त्यावरच्या ऑपेरागृहाशी पोचत होते. ओर्सिनी नावाच्या इटालियन क्रांतिकारकानं आणि त्याच्या साथीदारांनी त्यांच्या बग्गीवर बाँब फेकले. आजूबाजूची माणसं मेली, शंभरावर जखमी झाली. राजदांपत्य वाचलं. अरुंद रस्त्यावरचं हे नाट्यगृह धोक्याचं आहे, हे त्या रात्री सम्राटाला कळून चुकलं. नवं बांधायचं ठरलं, स्पर्धा जाहीर झाली, 171 जणांनी आराखडे पाठवले. निवड झाली ती जेमतेम 35 वर्षांच्या, फारसं काही न बांधलेल्या गार्निएंची. वडील लोहारकाम करणारे, घर गरीब वस्तीतलं. असं सांगतात की सम्राज्ञीनं आराखडा पाहून नाराजीनं विचारलं, ही कुठली शैली? ना ग्रीक, ना पंधराव्या लुईची. गार्निएंनी उत्तर दिलं, ही तिसऱ्या नेपोलियनची शैली.

त्या शैलीत काय नाही! रंगीबेरंगी संगमरवर, कांस्य, मोझाइक, खांबांच्या जोड्या, आणि सगळ्यांच्या वर छपरावर वीणेसारखं वाद्य उंचावून उभा असलेला ग्रीक देव अपोलो. पण दगडामागे लोखंडी सांगाडा लपवलेला आहे. जुनी लाकडी नाट्यगृहं गॅसच्या दिव्यांमुळे भराभर जळत, त्यावरचा हा उपाय.

आता माझ्याबरोबर आत चला. समोर महाजिना. तीस मीटर उंच छताखाली तो आधी एकाच धारेनं चढतो आणि मग दोन्हीकडे फाटतो. भोवती मजल्या-मजल्यावर सज्जे. सज्जात उभं राहून जिना चढणाऱ्यांकडे बघायचं, आणि जिना चढताना आपल्याकडे कोण बघतंय ते बघायचं. पॅरिसचे लोक ऑपेराला गाणं ऐकायला जात, तितकेच एकमेकांना भेटायला, दिसायला जात. गार्निएंनी हे नीट ओळखलं होतं. प्रेक्षकांसाठी त्यांनी पडदा उघडण्याआधीचा एक रंगमंच बांधला. माझ्या मते साऱ्या इमारतीचा जीव या जिन्यातच आहे. खुद्द प्रेक्षागृह लाल मखमलीचं, घोड्याच्या नालाच्या आकाराचं, सुमारे दोन हजार आसनांचं. वर कित्येक टनांचं झुंबर. त्याच्याभोवतीचं छत 1964 मध्ये चित्रकार मार्क शागालनं रंगवलं. निळे, हिरवे, पिवळे रंग, हवेत तरंगणाऱ्या आकृत्या. जुन्या सोनेरी वैभवाला हे शोभत नाही, अशी तेव्हा बरीच ओरड झाली. मला मात्र ते छत आवडतं. जुनं चित्र पुसलेलं नाही, ते शागालच्या चित्राखाली शाबूत आहे.

पश्चिम अंगाला एक वळणदार चढण आहे. सम्राटाची बग्गी थेट त्याच्या दालनाच्या दारापर्यंत जावी, वाटेत कुणी बाँब फेकू नये, म्हणून ती केली. पण 1870 मध्ये प्रशियाशी युद्ध झालं, सम्राट कैद झाला, राज्य गेलं. प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला, त्या काळात या अर्धवट बांधलेल्या इमारतीत धान्याचा साठा होता. 1873 च्या जानेवारीत नेपोलियन इंग्लंडमध्ये वारला. ती चढण तो कधीच चढला नाही. त्या बाजूचे काही दगड आजही अर्धवट घडवलेले आहेत, आणि दालनात ऑपेराचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ल पलतिए रस्त्यावरचं आधीचं ऑपेरागृह जळून खाक झालं. मग रेंगाळलेलं काम घाईनं पुरं झालं आणि 5 जानेवारी 1875 ला नवं दार उघडलं. राष्ट्राध्यक्ष आले, बाहेरच्या देशांतले पाहुणे आले. चौदा वर्षं या इमारतीसाठी झिजलेल्या गार्निएंना मात्र स्वतःच्या बॉक्सचे, म्हणजे बसायच्या खासगी सज्जाचे, पैसे मोजावे लागले. हे वाचलं की आजही वाईट वाटतं.

आणि शेवटी रेडिओला साजेशी एक गोष्ट. 24 डिसेंबर 1907 ला याच इमारतीच्या तळघरात धातूच्या दोन कलशांत 24 ध्वनिमुद्रिका बंद करून ठेवल्या. अट एकच होती, शंभर वर्षं त्या उघडायच्या नाहीत. त्या काळचे आवाज पुढच्या पिढ्यांना मिळावेत, म्हणून. त्यांत कारुसो, पाटी, मेल्बा अशा त्या काळच्या नामवंत ऑपेरा गायक-गायिका होत्या. 1912 मध्ये आणखी कलश ठेवले आणि सोबत एक ग्रामोफोनही, कारण शंभर वर्षांनी तबकडी वाजवायला यंत्र मिळेलच, याची खात्री कोणाला होती? शतक उलटलं, कलश उघडले आणि ते आवाज पुन्हा लोकांच्या कानावर पडले.

नमस्कार.