कापसाच्या खोलीतलं गाणं

(दारव्ह्याचा आठवडी बाजार. आधी गाणं ऐकू येईल, मग ट्रॅक्टर दिसेल. निवेदन दहाव्या सेकंदाला.)

ट्रॅक्टरच्या टेपला पेनड्राइव्ह लावलाय. त्यात भजनं आहेत, भीमगीतं आहेत, लग्नातली डीजे रीमिक्स आहेत आणि मधेच कुठंतरी 17 वर्षांच्या एका पोरीचं वऱ्हाडी पॉप आहे. गाणारी कोण, हे चालवणाऱ्याला माहीत नाही. गाणं मात्र पाठ आहे. बघा, ओळ यायच्या आधीच त्याची मान हलते.

हे गाणं रेकॉर्ड झालं ती खोली इथून फार लांब नाही. यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका. गावाचं आणि पोरीचं नाव आम्ही घेणार नाही. तिच्या आईनं शूटिंगला परवानगी देताना तेवढी एकच अट घातली होती.

(खोलीचं दार उघडतं. कापूस.)

छातीएवढ्या उंचीचा ढीग, तीन भिंतींना टेकलेला. दिवाळीनंतर विदर्भातल्या कितीतरी घरांत हे असंच दिसतं. वेचणी झाली म्हणून कापूस लगेच काढायचा नसतो. भाव चढायची वाट बघायची, आणि तोवर तो राहत्या घरात ठेवायचा, कधीकधी झोपायच्याच खोलीत. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 रुपये हमीभाव जाहीर केला. दारात येणारा व्यापारी काय बोलतो, सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर नंबर कधी लागतो, यावर हा ढीग कधी हलणार ते ठरतं. तो हलत नाही तोवर ही खोली स्टुडिओ आहे.

ती टाळी वाजवून दाखवतेय. ऐका.

(टाळी. दोन सेकंद काही नाही.)

मागं घुमारा नाही. आता तीच टाळी शेजारच्या रिकाम्या खोलीत.

(टाळी. घुमारा.)

सिमेंटच्या भिंती आणि वर टिन. आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि माइकमध्ये दुसऱ्यांदा शिरतो. कापसाच्या धाग्याधाग्यांत हवा अडकलेली असते, आवाजाची लाट त्यात घुसते आणि तिथंच जिरते. शहरातले स्टुडिओ याच कामासाठी भिंतींना फोम आणि काचलोकर लावतात. हा फुकटचा फोम, फक्त तो नाकात जातो. टेक घेण्याआधी शिंका काढून घ्याव्या लागतात. त्या शिंका आमच्याकडे शूट झाल्यात आणि संकलकानं हट्टानं ठेवल्यात.

माइकसमोरची ही गोल वस्तू म्हणजे भरतकामाची रिंग, तिच्यात ताणून बसवलेला नायलॉनचा मोजा. 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो. तो थेट माइकवर बसला की धप्प असा आवाज येतो. मोजा तो झोत मोडतो. हे तिच्या भावाचं काम. तो तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, माइक जुना घेतलेला, आणि बाकी सगळा कारभार मोबाइलवर, बँडलॅब नावाच्या फुकट ॲपमध्ये. तिथं एकाखाली एक पट्ट्या दिसतायत ना, ते ट्रॅक. सगळ्यात वरच्या पट्टीत तिचा आवाज. तिच्या खालच्या पट्टीतही तिचाच आवाज, तीच ओळ पुन्हा म्हटलेली. दोन वेळा म्हटलेली ओळ कधीच तंतोतंत सारखी येत नाही, केसभर मागंपुढं होते, आणि त्या केसभर फरकामुळं आवाज भरीव वाटतो.

रेकॉर्डिंग रात्री. दिवसा पिठाची गिरणी, कोंबडे, बोलावायला येणाऱ्या मैत्रिणी. रात्री फक्त रातकिडे, आणि थंडीत तेही कमी. पंखा बंद. लाइट गेली तर उलट बरं, फ्रिजची घरघर थांबते.

(भजनी मंडळाचं दृश्य. खंजिरी.)

हे तिचे बाबा. गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं या भागात घराघरात आहेत. त्यांचा मोझरीचा गुरुकुंज आश्रम इथून फार दूर नाही. या गाण्याचा आवाज खडा असतो, कारण तो अंगणात, मंदिरासमोर, माइक नसताना शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा असतो. त्यामुळं लेक माइकला ओठ लावून पुटपुटल्यासारखं गाते हे पाहून त्यांना आधी चिंताच वाटली.

"आवाज काढ नं पोरी, घाबरून काऊन गाऊन रायली?"

"घाबरून नाही बाबा, जवळून गाऊन रायली."

तिचं बरोबर आहे. अशा माइकच्या जितकं जवळ जावं तितका आवाजातला खर्ज वाढतो, श्वाससुद्धा ऐकू येतो. आणि हळू गायलं की खोली जागी होत नाही. मोठ्यानं गायलं तर कापूससुद्धा पुरणार नाही. घरात रेकॉर्ड करणाऱ्याला हळू गाणं परवडतं.

(मोबाइलचा वॉलपेपर. हिरवे केस.)

ही रीत तिनं कुठून उचलली ते तिच्या मोबाइलवर दिसतंय. बिली आयलिश, अमेरिकन गायिका. लॉस एंजेलिस शहर, हायलँड पार्क हा भाग. तिचा भाऊ फिनियस, तोही तिच्याहून चार वर्षांनी मोठा. नोव्हेंबर 2015 मध्ये त्यांनी 'ओशन आइज' हे गाणं साउंडक्लाउड या गाण्यांच्या साइटवर टाकलं तेव्हा ती 13 वर्षांची होती. गाणं भावानं खरं तर स्वतःच्या बँडसाठी लिहिलं होतं. तिच्या डान्सच्या सरांना नाच बसवायला एक गाणं हवं होतं म्हणून ते बहिणीकडून गाऊन घेतलं. पुढं मार्च 2019 मध्ये तिचा पहिला अल्बम आला, तोही मुख्यतः भावाच्या झोपायच्या खोलीत केलेला. ती पलंगावर बसून गायची. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात अल्बमच्या यादीत तो 1 नंबरला गेला. त्या आठवड्याचा आकडा होता 3 लाख 13 हजार, त्यात विकलेल्या प्रती आणि ऑनलाइन ऐकणं दोन्ही धरून.

बिलीचे आईवडील अभिनय आणि संगीत करणारे, आणि राहायला लॉस एंजेलिस. त्यामुळं तुलना करताना जरा जपून. पण खोली खोलीच होती, आणि आमचा मुद्दा खोलीचा आहे.

त्याच अल्बममध्ये एका गाण्यात दाताच्या डॉक्टरकडच्या ड्रिलचा आवाज आहे. 'बॅड गाय'मध्ये सिडनीतल्या रस्ता ओलांडायच्या सिग्नलची टिकटिक आहे, फोनवर धरून आणलेली. हे कळल्यावर आपल्या या दादानं काय केलं ते पाहा.

(फवारणी पंप. जवळून. दांडा वरखाली.)

पाठीवरच्या फवारणी पंपाचा दांडा. खट्, सूंऽऽ, खट्. त्यानं ते रिकाम्या पंपावर रेकॉर्ड केलं, 'सूं' कापून टाकलं, 'खट्' ठेवलं आणि त्यालाच गाण्याचा ठेका केला. वर ढोलकी नाही, ड्रम नाही. ट्रॅक्टरवर तुम्ही ऐकला तो हाच ठेका. फवारलेल्या विषानं 2017 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. गाण्यात त्याचा उल्लेख नाही.

(बिलबोर्डची यादी, पडद्यावर. मजकूर मोठा.)

आता यादीबद्दल. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाची गाण्यांची यादी, 'हॉट 100', 1958 पासून चालू आहे. गाणं किती विकलं गेलं, रेडिओवर किती लोकांपर्यंत गेलं आणि ऑनलाइन किती ऐकलं गेलं, या तिन्हींची बेरीज करून ती दर आठवड्याला लावतात. पैसे भरून ऐकणाऱ्याचं ऐकणं जास्त मोलाचं, जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्याचं कमी. 'बॅड गाय' या यादीत 9 आठवडे 2 नंबरवर अडकलं होतं. वर होतं लिल नास एक्स या रॅपरचं 'ओल्ड टाउन रोड', सलग 19 आठवडे, हा तेव्हाचा विक्रम. 24 ऑगस्ट 2019 च्या यादीत ते खाली आलं आणि बिली वर गेली. एकविसाव्या शतकात जन्मलेली, 'हॉट 100'मध्ये 1 नंबरला पोचलेली ती पहिली कलाकार. गंमत म्हणजे ज्याला तिनं हटवलं त्यानं आपल्या गाण्याचं म्युझिक इंटरनेटवर 30 डॉलरला विकत घेतलं होतं. म्हणजे वरचे दोन्ही नंबर घरगुती कारभाराचे! जानेवारी 2020 मध्ये ग्रॅमीचे चारही मोठे पुरस्कार एका रात्रीत तिला. तेव्हा वय 18.

आपल्याकडे अशा याद्या उशिरा आल्या. 2021 मध्ये आयएमआय या संगीत कंपन्यांच्या संघटनेनं भारतात ऐकल्या जाणाऱ्या विदेशी गाण्यांची 20 ची यादी सुरू केली, 2022 मध्ये बिलबोर्डनं भारतासाठी 25 ची. त्याआधी आकडा म्हणजे यूट्यूबचे व्ह्यूज, आणि त्यातही खोगीरभरती. जुलै 2019 मध्ये हिंदीतल्या एका बड्या गाण्याला 24 तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा दावा झाला. त्यात जाहिरातीतून मिळवलेले व्ह्यूजही होते. सप्टेंबरात यूट्यूबनं नियमच बदलला, जाहिरातीचे व्ह्यूज संगीताच्या यादीत धरायचे नाहीत.

(मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. मेमरी कार्ड.)

आणि हे इथलं वितरण. मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. मेमरी कार्ड द्या, कॉम्प्युटरवरचं फोल्डर दाखवतील, 'नवीन वऱ्हाडी' म्हणा, कार्ड भरून मिळतं. तिथून ट्रॅक्टर, ऑटो, वरातीतला डीजे, कीटकनाशकाच्या दुकानातला स्पीकर. एकाचं कार्ड दुसऱ्याच्या फोनमध्ये, तिथून व्हॉट्सॲपवर. प्रत्येक अधिकृत रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा 12 अक्षर-अंकांचा कोड मिळतो, आणि ॲपवर गाणं वाजलं की तो कोड धरून हिशेब होतो. ट्रॅक्टरचा टेप कुणाला हिशेब देत नाही. लोक गाणं ऐकतात, पाठ करतात, त्यावर नाचतात, आणि मोजणीत शून्य. आमच्या मते गाण्याला याहून मोठी दाद नाही. ती यादीत येत नाही, हा यादीचा दोष आहे.

(हा भाग 15 सेकंदांत उरकायचा. कॉलेजचं शूट नाही, घराचं बाहेरचं दृश्य वापरावं.)

गाण्यातून पैसा अजून नाही. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळवायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तासांचं पाहणं लागतं, ते पूर्ण व्हायचंय. तिचं बारावीत इंग्रजी राहिलं, पुरवणी परीक्षा द्यायची आहे. घरी त्यावरून बरंच बोलणं झालं.

(कापसाची गाडी भरली जाते. वजनकाटा.)

फेब्रुवारीत कापूस गेला. आईचं यावर एकच वाक्य आहे.

"कापूस इकला का इची दुकानदारी बंद."

बंद काही झाली नाही. उन्हाळ्यात रिकाम्या खोलीत दोरी बांधून त्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या, आणि त्या तंबूत उभं राहून दुसरं गाणं झालं. 40 अंशांच्या पुढं, पंखा बंद ठेवून. हे दृश्य लांबलंय, पण लांबू द्या. घाम पुसायला टेक थांबतो, पुन्हा सुरू होतो, भाऊ बोटानं ठेका धरतो, ती तीच ओळ म्हणते.

(गाणं, 25 सेकंद. निवेदन थांबेल.)

या वेळी गाणं रीतसर द्यायचं ठरलंय. ॲपवर गाणी पोचवणाऱ्या एका वितरक कंपनीचा फॉर्म भरलाय, आयएसआरसी कोड मिळणार आहे, गीतकाराच्या जागी बहिणीचं नाव, संगीतकाराच्या जागी भावाचं. ती 18 ची झालेली नाही म्हणून पैशांसाठी खातंही भावाचंच. फॉर्ममध्ये शेवटी प्रकाशनाची तारीख विचारतात. 2015 पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात, आणि बिलबोर्डच्या यादीचा आठवडाही शुक्रवारीच सुरू होतो. कंपनीनंही शुक्रवारच सुचवला होता. भावानं तो खोडून तान्ह्या पोळ्याचा दिवस टाकलाय. त्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात, गावात डीजे लागतो, आणि डीजेवाल्याला पेनड्राइव्ह आदल्या रात्रीच पोचवायचंही ठरलंय.