सिग्नल लाल होता म्हणून नाही

(पडद्यावर: उत्तर सोलमधली अरुंद गल्ली, विटांच्या भिंती, हिवाळ्यातली संध्याकाळ.)

2015 चा हिवाळा. दक्षिण कोरियात दर शुक्रवारी आणि शनिवारी एकच वाद रंगायचा. डॉक-सनचा नवरा कोण? तेक की जुंग-ह्वान?

मालिका होती 'रिप्लाय 1988'. टीव्हीएन या केबल वाहिनीवरची, 20 भागांची. शेवटचा भाग 16 जानेवारी 2016 ला लागला तेव्हा टीआरपी 19 टक्क्यांच्या आसपास गेला होता. केबलवरच्या मालिकेने तोवर एवढी मजल मारली नव्हती. दिग्दर्शक शिन वॉन-हो आणि लेखिका ली वू-जुंग ही जोडी आधी करमणुकीचे रिअ‍ॅलिटी कार्यक्रम करायची. प्रेक्षकाला कोडं घातलं की तो आठवडाभर तेच चघळत बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. आधीच्या 'रिप्लाय 1997' आणि 'रिप्लाय 1994' या मालिकांतही त्यांनी हाच डाव टाकला होता. मध्यमवयीन नायिका दाखवायची, शेजारी नवराही बसवायचा, आणि तरुणपणी तो त्या मुलांपैकी कोण होता ते मात्र शेवटपर्यंत दाबून ठेवायचं.

आज दहा वर्षं होत आली तरी ते भांडण मिटलेलं नाही. निदान आमच्या कंपूत तरी नाही. तेव्हा मी कोणाच्या बाजूची ते आधीच सांगून टाकते. तेकच्या. आणि रडले जुंग-ह्वानसाठी.

(पडद्यावर: 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या मैदानाचं जुनं छायाचित्र.)

गोष्ट घडते सोलच्या उत्तरेकडच्या सांगमुन-डोंग वस्तीत. एक गल्ली, पाच घरं, पाच जिवलग पोरं. त्यातली डॉक-सन घरात मधली. थोरलीचा धाक आणि धाकट्याचं कौतुक यांच्यामध्ये चेपली गेलेली. अभ्यासात ढ. ऑलिंपिकच्या उद्घाटनात मादागास्करच्या पथकापुढे फलक धरून चालायला तिची निवड होते. बिचारी जीव तोडून तालीम करते, आणि मादागास्कर ऑलिंपिकवर बहिष्कार टाकतं. तो बहिष्कार खराखुरा, इतिहासातला. शेवटी तिच्या हातात युगांडाचा फलक येतो आणि ती टीव्हीवर झळकते. पण पहिल्याच भागात ही मुलगी कळते. हिच्या वाटणीचं काहीही हिला सरळ मिळत नाही. अशा मुलीला मनातल्या मनात जीव लावणारा काय कामाचा? तिला हवा समोर येऊन उभा राहणारा.

आता जुंग-ह्वान. गच्च भरलेल्या बसमध्ये तो हात टेकवून तिच्याभोवती कडं करतो. हातावरच्या शिरा तट्ट फुगतात, चेहरा मात्र मख्ख. सकाळी तिच्याबरोबर शाळेला निघता यावं म्हणून फाटकाशी बुटाच्या नाड्या बांधत रेंगाळतो. ती अभ्यासिकेतून घरी येईपर्यंत जागा राहतो, आणि ती आली की "लवकर येत जा" एवढंच पुटपुटतो. जुंग-ह्वान साकारणाऱ्या र्यू जुन-योलने हे सगळं नुसत्या नजरेने केलंय, त्याला तोड नाही.

पण यातलं डॉक-सनला काय दिसलं?

फुगलेल्या शिरा आपल्याला दिसल्या, कारण कॅमेरा तिथे गेला. नाड्या मुद्दाम सोडलेल्या आहेत हे आपल्याला कळलं. तिने काय पाहिलं? त्याच्या वाढदिवसाला तिने हौसेने दिलेला गुलाबी शर्ट, त्याच्या भावाच्या अंगावर.

के-ड्रामा, म्हणजे कोरियन मालिका, बघणारे ज्याला सेकंड लीड सिंड्रोम म्हणतात, नायिकेला न मिळणाऱ्या त्या दुसऱ्या मुलावर जीव जडण्याचा आजार, त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे. तो मुलगा आपलं प्रेम आपल्याला सांगतो, तिला सांगत नाही. आपण त्याचे एकमेव साक्षीदार असतो. मग शेवटी त्याला नकार मिळाला की तो आपल्यालाच मिळाल्यासारखा झोंबतो. आणि आपण तिला आंधळी म्हणतो! तिच्या घरी कॅमेरा नव्हता हो.

(पडद्यावर: रात्रीचा रस्ता, गाडीच्या काचेतून दिसणारा लाल सिग्नल.)

अठरावा भाग. आता 1994 साल आहे. जुंग-ह्वान हवाई दलात वैमानिक, तेक देशातला अव्वल गो खेळाडू. गो म्हणजे काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा तो पटावरचा खेळ, कोरियात त्याला बादुक म्हणतात. तेकचं पात्र ली चांग-हो या खऱ्या खेळाडूवरून बेतलंय. डॉक-सन गाण्याच्या कार्यक्रमाला एकटी पडलीय, असं कळतं. जुंग-ह्वान गाडी काढतो. वाटेत सिग्नल लागतो, पुन्हा लागतो. तो पोहोचतो तेव्हा तिच्यासमोर तेक उभा असतो. धापा टाकत. नंतर गाडीतल्या रेडिओवर बातमी येते, तेकने महत्त्वाचा सामना खेळण्याआधीच सोडून दिला.

जुंग-ह्वानचे वकील इथे म्हणतात, नशीब! सिग्नल हिरवे असते तर? पण मालिका खुद्द जुंग-ह्वानच्या तोंडून याचं उत्तर देते. तो मनाशी कबूल करतो की दोष सिग्नलचा नव्हता, वेळेचाही नव्हता. दोष त्याच्या असंख्य कचरण्यांचा होता. आपला हिरो आपल्याच विरुद्ध एवढी स्वच्छ साक्ष देतो आणि चाहते ती फेटाळून लावतात, याला काय म्हणावं?

एक गोष्ट मात्र तेकभक्तांनी प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. माघार त्यानेही घेतली होती. जुंग-ह्वानच्या पाकिटातला डॉक-सनचा फोटो त्याच्या हाती लागला आणि त्याने तिच्याबरोबर ठरलेला सिनेमा रद्द केला. दोघेही एकमेकांसाठी मागे सरले. दोस्तीपायी मुलीला न विचारता तिची परस्पर वाटणी करणारे दोन भले मुलगे! फरक एवढाच की पुढे एक जण सामना सोडून धावला. आणि दुसरा हॉटेलात, मित्रांच्या देखत, अंगठी पुढे करून सगळं मनातलं बोलला, आणि शेवटी म्हणाला की गंमत केली. तो प्रसंग मी आजही सलग बघू शकत नाही.

(पडद्यावर: शेजारच्या घरी भांडं घेऊन निघालेली मुलं, रेखाचित्र.)

या सगळ्या गदारोळात त्याच गल्लीतली दोन सरस प्रेमप्रकरणं झाकली गेली.

पहिलं सन-वू आणि बो-राचं. बो-रा म्हणजे डॉक-सनची जमदग्नी थोरली बहीण. सन-वू तिच्याहून लहान, पण त्याने काही नाड्याबिड्या बांधल्या नाहीत. आवडतेस, म्हणाला. ती नको म्हणाली. तो पुन्हा म्हणाला. यांची अडचण निराळी होती. दोघांचं आडनाव एक आणि मूळ कूळही एक. कोरियाच्या नागरी कायद्यानुसार अशा दोघांचं लग्न नोंदवलंच जात नसे, मग नातं कितीही पिढ्यांपलीकडचं असो. अधूनमधून, म्हणजे 1978, 1988 आणि 1996 मध्ये, सरकारने वर्षवर्षभराची सवलत दिली आणि अडकलेल्या जोडप्यांनी तेवढ्यात नोंदणी उरकून घेतली. जुलै 1997 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ही बंदी राज्यघटनेशी विसंगत ठरवली. आपल्याकडे सगोत्र विवाहाला 1946 च्या कायद्याने मान्यता मिळाली, तरी 'गोत्र एकच निघालं' हे वाक्य अजून किती घरांत ऐकू येतं, ते सांगायला नको. त्यामुळे बो-राच्या घरातला तो ताण मराठी प्रेक्षकाला सबटायटलशिवाय कळतो.

दुसरं प्रकरण सन-वूच्या विधवा आईचं आणि तेकच्या विधुर बापाचं. गावाकडची जुनी ओळख. तो घड्याळाचं दुकान चालवणारा, दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस. ती त्याच्या घरी भाजी-सूप पोचवते, तो तिच्या दारातलं जड सामान उचलतो. पन्नाशीकडे झुकलेल्या दोन माणसांना एकमेकांची सोबत हवीशी वाटते आणि मुलांना ते कसं सांगायचं हेच कळत नाही. 20 भागांतलं हे सर्वांत धीट प्रेम आहे, असं माझं ठाम मत.

(पडद्यावर: हान नदीकाठची काचेची कार्यालयं, रात्र.)

आता उलट बाजू. प्रत्येक वेळी चाहते चुकतातच असं नाही. 2020 च्या 'स्टार्ट-अप' मध्ये ते शंभर टक्के बरोबर होते.

अनाथाश्रमातून बाहेर पडलेला हान जी-प्योंग. कॉर्न डॉग विकणारी एक आजी त्याला आसरा देते. तिची नात दाल-मी एकटी पडलीय, म्हणून आजीच्या सांगण्यावरून तो तिला पत्रं लिहितो. सही मात्र नाम दो-सान या, वर्तमानपत्रात नाव आलेल्या, गणितातल्या हुशार मुलाची करतो. दाल-मी त्या पत्रांवर वाढते, त्या नावावर प्रेम करते. मोठेपणी खरा दो-सान भेटतो, ज्याने एक ओळ लिहिलेली नाही, आणि अखेर तीच जोडी जमते.

इथे 'तिला कुठे माहीत होतं' हा बचाव चालत नाही. पत्रं तिला मिळाली होती. तिने ती जपली होती. लेखिकेने भावनेचं अख्खं भांडवल एकाच्या खात्यात भरलं आणि व्याज दुसऱ्याला दिलं. जी-प्योंग झालेला किम सन-हो त्या एका भूमिकेने घराघरात पोचला, ते उगाच नाही. दो-सान वाईट नाही. त्याची गोष्ट उशिरा सुरू झाली, बस.

जुन्या हिरोंबद्दल थोडक्यात. 2009 च्या 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' मधला गू जुन-प्यो अनेकींचा पहिला ओप्पा, म्हणजे लाडका कोरियन हिरो, आहे, मला मान्य. पण हा मुलगा नायिकेच्या नावे लाल कार्ड काढून अख्खी शाळा तिच्यावर सोडतो. मनगट धरून फरफटत नेणं त्या काळी प्रेमात मोडायचं. ही भूमिका करणाऱ्या ली मिन-होचे कुरळे केस बाजूला ठेवले तर उरतं काय? 'गॉब्लिन' बद्दलही माझं तेच. त्यातला नट गाँग यू आवडतो, संगीत अप्रतिम, पण 939 वर्षांचा नायक आणि शाळेच्या गणवेशातली नायिका मला पचत नाही. त्याच मालिकेतले यमदूत आणि सनी हे जोडपं घ्या आणि पुढे चला.

(पडद्यावर: स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्झ सरोवरावरचा लाकडी धक्का.)

मग 'क्रॅश लँडिंग ऑन यू'. डिसेंबर 2019 ते फेब्रुवारी 2020, शेवटच्या भागाला 21.7 टक्के टीआरपी. त्यानंतर थोड्याच दिवसांत टाळेबंदी आली आणि आपल्याकडच्या कितीतरी जणांनी के-ड्रामाचा श्रीगणेशा याच मालिकेने केला. इझेल्टवाल्ड गावातल्या या धक्क्यावर नायक पियानो वाजवतो. पुढे तिथे एवढी झुंबड उडाली की गावाने प्रवेशाला पाच फ्रँक लावले.

त्यातला नायक, कॅप्टन री जुंग-ह्योक, लोकांना का आवडतो? उत्तर कोरियाच्या बाजारात दिवे गेलेत, नायिका से-री गर्दीत हरवलीय, आणि हा उंच हात करून मेणबत्ती धरतो. आधी तिने सुगंधी मेणबत्ती मागितली होती आणि याने साधी आणली होती. या वेळी सुगंधी आहे. चूक दुरुस्त केली, आणि अशी की ती तिला लांबूनही दिसावी. या दोघांच्या भूमिका करणाऱ्या ह्युन बिन आणि सन ये-जिन यांनी 2022 मध्ये खरोखर लग्न केलं, तो चाहत्यांना मिळालेला बोनस. मी मात्र मालिकेतल्या दुसऱ्या जोडीसाठी, सो दान आणि गू सुंग-जुनसाठी, अजून लेखिकेवर डूख धरून आहे. भामटा माणूस एका मुलीपायी पहिल्यांदा सरळ वागतो आणि त्याबद्दल त्याला गोळी? मुख्य जोडीला वर्षातून दोन आठवडे स्वित्झर्लंड, आणि यांना काहीच नाही!

'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन' वर 2022 मध्ये याहून मोठा शिमगा झाला. ना ही-दो आणि बेक यी-जिन शेवटी एकत्र येत नाहीत. पण लेखिकेने फसवलं म्हणणाऱ्यांनी पहिला भाग आठवावा. ही-दोच्या मुलीचं नाव आहे किम मिन-चे. बेक नव्हे, किम! कोरियात मूल सहसा बापाचं आडनाव लावतं. उत्तर पहिल्या तासातच दिलेलं होतं, आणि चाहते पुढचे सगळे आठवडे यी-जिनने आडनाव बदललं असेल अशा पळवाटा शोधत बसले. दोघं एकमेकांशी सगळं बोलत होते, तरी तुटलं. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कला गेलेला पत्रकार आणि सतत स्पर्धांवर असलेली तलवारबाज यांच्यात उरला तो टेलिफोन. मला तो शेवट पटला.

(पडद्यावर: जेजू बेट, काळे खडक, समुद्र.)

आणि 2025 चा ग्वान-शिक. 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स', लेखिका लिम सांग-चुन. जहाज सुटतं, किनाऱ्यावर ए-सन ओरडते, आणि हा समुद्रात उडी टाकून पोहत परत येतो. लग्नानंतर सासरी पुरुष वेगळ्या मेजावर जेवतायत, बायका बाजूला. ग्वान-शिक बसल्या जागी वळतो, पुरुषांकडे पाठ करतो आणि बायकोकडे तोंड करून जेवू लागतो. घरातल्या सगळ्यांदेखत! उडीपेक्षा मला हे मोठं वाटतं. उडी एकदाच मारायची असते.

तरी माझी एक कुरकुर आहे. जुंग-ह्वानच्या मनात कॅमेरा सतत डोकावत होता. ग्वान-शिकच्या मनात तो फार कमी जातो. बायकोसाठी, मुलीसाठी त्याला काय हवं ते 16 भागांत भरभरून कळतं. स्वतःसाठी काय हवं होतं? होडीवर पहाटे एकटा असताना हा माणूस कशाचा विचार करायचा? ए-सनला कविता मिळाल्या. त्याला एखादा छंद, एखादा हट्ट, निदान एखादा फालतू राग तरी द्यायचा होता. तरुणपणीचा पार्क बो-गम आणि उतारवयातला पार्क हे-जून या दोघांनीही ती भूमिका जीव ओतून केली, म्हणून ही उणीव चटकन जाणवत नाही.

तेकही पार्क बो-गमच होता, आणि त्याला निदान झोपेच्या गोळ्या, शांत खोली आणि बादुकचा पट होता. ग्वान-शिकला नुसते मासे दिले.