गांजाचा काटा आणि दारूचा परवाना

अध्यक्ष महोदय, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते आणि एवढ्या उकाड्यात आवर्जून आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर विषय छापला आहे, 'गांजाचा कायदा आणि दारूचे धोरण'. सुरुवातीलाच एक विचारतो. या सभागृहात दारू पिण्याचा परवाना कोणाकोणाकडे आहे? हात वर करा. एक... दोन... मागे खांबाजवळ तिसरे. अभिनंदन. बाकीच्यांना पुढचा प्रश्न विचारत नाही, बऱ्याच जणांच्या शेजारी सौभाग्यवती बसल्या आहेत.

हसलात ते बरे झाले, पण प्रश्न खरा आहे. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्याच्या लेखी दारू पिणे मुळात मना. परवाना असेल तर मोकळीक. देशी दारूचा एक दिवसाचा परवाना २ रुपयांना, विदेशीचा ५ रुपयांना. आणि नियमात तो देण्याचे कारण काय, तर आरोग्याचे रक्षण! बिअरसाठी वय २१ हवे, कडक दारूसाठी २५. ही अट वाईन शॉपच्या खिडकीवर किती पाळली जाते ते मी वकील म्हणून नाही, एका तरुण मुलाचा बाप म्हणून पाहिले आहे. २०२० च्या मे महिन्यात देवळे बंद होती, शाळा बंद होत्या, आणि दारूची दुकाने उघडल्यावर लागलेल्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या. तिजोरीला दारू लागते. हे कोणत्या एका पक्षाचे नाही, सगळ्यांचेच आहे.

आता गांजाकडे येतो. फौजदारी वकिली करताना या कायद्याने मला जितकी चीड आणली तितकी दुसऱ्या कशाने आणली नाही.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा केंद्राचा कायदा, १९८५ चा. त्यात सगळे वजनावर चालते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर 'अल्प प्रमाण', शिक्षा एक वर्षापर्यंत. वीस किलोच्या वर गेला की 'व्यापारी प्रमाण', शिक्षा किमान दहा वर्षे, कमाल वीस, आणि वर लाखाच्या पुढे दंड. या वीस किलोंच्या वर कलम ३७ लागते. आरोपी निर्दोष असावा असे मानायला सबळ कारण आहे, असे कोर्टाला वाटल्याशिवाय जामीन नाही. खटला उभा राहण्याआधी निर्दोष कसे वाटायचे? म्हणून माणूस आत राहतो. वर्षानुवर्षे.

माझा एक अशील होता, सातपुड्याच्या पायथ्याचा. दीड-दोन एकरांचा वनपट्टा, मक्याच्या ओळींत गांजाची झाडे. लावली होती, हे तो नाकारत नव्हता. व्यापारी आगाऊ पैसे देऊन गेला होता आणि घरात बहिणीचे लग्न होते. पोलीस आले, झाडे मुळासकट उपटली. आदल्या रात्री पाऊस झालेला, मुळांना चिखल. ती तशीच गोणपाटात कोंबली, गावातल्या धान्य दुकानाचा काटा मागवला आणि वजन केले. तेवीस किलो काही ग्रॅम. पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या, लाखेचे सील, झाले.

मंडळी, कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यातून स्पष्ट वगळल्या आहेत. म्हणूनच भांग या व्याख्येबाहेर राहते आणि वाराणसीत तिची सरकारमान्य दुकाने चालतात. मग मूळ, खोड, चिखल आणि गोणपाट यांना गांजा कोणी केले? धान्याच्या काट्याने केले. ओल्या झाडाचे शेंडे वेगळे काढून मोजले असते तर तो माणूस वीस किलोंच्या जवळपासही गेला नसता. उलटतपासणीत मी तपास अधिकाऱ्यांना विचारले, 'शेंडे वेगळे केले होते का?' 'नाही.' 'मुळांना माती होती का?' 'होती.' 'गोणपाटाचे वजन वजा केले का?' ते गप्प. ही तीन उत्तरे मिळेपर्यंत माझा अशील कच्चा कैदी म्हणून आतच होता. बहिणीचे लग्न त्याच्याशिवाय झाले, वनपट्टा दुसऱ्याने कसला. बायको दर तारखेला पहाटेची एसटी पकडून यायची आणि मला एकच विचारायची, 'साहेब, आज वजन कमी होईल का?' आजही हे सांगताना मला त्रास होतो.

शेंड्यांच्या या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने पुढे काही प्रकरणांत जामीन दिले आहेत. पण उच्च न्यायालयापर्यंत जायला पैसा लागतो. आणि याच काळात त्याच पट्ट्यातला हातभट्टीवाला दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ ई खाली पकडला गेला की जामिनावर घरी परतताना मी कितीदा पाहिला आहे. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलची दारू पिऊन शंभरावर माणसे मेली. गांजाने एका रात्रीत शंभर माणसे मेल्याचे उदाहरण मला कोणी दाखवावे.

थोडे मागे जाऊ. हा भाग मला फार आवडतो, कार्यकर्त्यांनी घड्याळाकडे बघू नये. १८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न आला की हिंदुस्थानात गांजाने लोक वेडे होतात, सरकार काय करते? त्यावर सरकारने एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सात सदस्य, त्यांतले तीन हिंदी. ११९३ साक्षीदार तपासले: डॉक्टर, मामलेदार, साधू, शेतकरी. आपल्या अहमदनगर जिल्ह्यात तेव्हा गांजा पिकायचा, तिकडचीही माहिती घेतली. आणि मग त्यांनी वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे उघडली.

रजिस्टरमध्ये 'वेडाचे कारण' असा रकाना होता, आणि त्यात ठिकठिकाणी 'गांजा'. आयोगाने विचारले, हे कोणी ठरवले? तर रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाने कागदावर लिहिले होते आणि कारकुनाने ते उतरवून घेतले होते. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून गांजा! आयोगाने १८९२ सालच्या नोंदी एकेक करून घरच्यांपर्यंत जाऊन तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक टिकल्या नाहीत. उरलेल्या मात्र त्यांनी लपवल्या नाहीत. अति सेवन घातक आहे, आधीच नाजूक असलेल्या मनाला ते ढासळवू शकते, हे स्वच्छ लिहिले. माफक सेवनाने बहुतेकांचे काही बिघडत नाही, हेही लिहिले. बंदी नको, परवाना, कर, बाळगण्याची मर्यादा ठेवा, असा सल्ला दिला. बंदी घातली तर माणसे याहून घातक नशेकडे वळतील, हा इशारा १८९४ चा आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटे. बरं, मग मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजा हेरॉइनच्या पंक्तीत बसवला, आपल्याला पारंपरिक वापर थांबवायला पंचवीस वर्षांची मुदत दिली आणि त्यातून ८५ चा कायदा आला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा त्या सर्वांत कडक यादीतून काढला. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. तिकडे हात वर केला आणि घरचा कायदा तसाच ठेवला.

माझे म्हणणे एकच आहे. राज्यघटनेचे कलम ४७ मादक पेये आणि घातक द्रव्ये एकाच वाक्यात घेते, तर दोन्हींना मोजण्याची पट्टीही एकच हवी आणि ती दुसऱ्याला होणाऱ्या इजेची हवी. आज काय आहे बघा. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड. घराच्या गच्चीवर गांजा ओढणाऱ्यालाही तेवढेच, सहा महिन्यांपर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत. आणि खिशात दहा ग्रॅम सापडला तर एक वर्षापर्यंत! रस्त्यावर दुसऱ्याचे पोर चिरडू शकणारा माणूस कायद्याला कमी धोक्याचा वाटतो, हे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून अल्प प्रमाण बाळगणाऱ्याची कैद संसदेने काढावी. दंड ठेवा, समुपदेशन ठेवा. वजन फक्त शेंड्यांचे, सुकवून, प्रमाणित काट्यावर, मॅजिस्ट्रेटसमोर. उघडी दुकाने मी मागत नाही. थायलंडने २०२२ मध्ये सगळे एकदम मोकळे केले, नियम मागे राहिले आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर यावे लागले. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या हाती गांजा पडू नये, याबद्दल मी कोणाही आईइतकाच कडक आहे.

आणि दारूचे? तिथे कायदा कडक हवा. वयाची अट खिडकीवर तपासा. उभी बाटली-आडवी बाटली, म्हणजे दारूचे दुकान ठेवायचे की बंद करायचे, या मतदानात दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात, हजर असलेल्यांच्या नव्हे. ऊसतोडीला गेलेल्या बाईचे न पडलेले मत दुकानदाराच्या पारड्यात जाते. आमदाराच्या निवडणुकीत असे चालते का? ही अट बदलायला दिल्लीला जावे लागत नाही, मुंबईत होते. तेवढा एक ठराव आज या सभागृहातून जावा अशी माझी विनंती आहे. मसुदा मी लिहून आणला आहे, दाराशी टेबलावर ठेवला आहे, वाचून पटला तरच सही करा.