पत्रा नेमका कुठून सुटतो?

वारा छपराला ढकलतो असं वाटतं. खरं तर तो त्याला वर ओढतो. वळचणीशी अडलेला वारा उसळून छपरावरून जातो, पत्र्याच्या वरचा दाब उतरतो. त्यातच एखादी खिडकी फुटली, की घरात घुसलेली हवा खालून रेटा देते. सर्वांत जास्त ओढ बसते कोपऱ्यांना आणि कडांना. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की ही ओढ चौपट होते.

प्रयोगशाळेत ही ओढ वाऱ्याशिवायच तयार करतात. ही पाहा हवाबंद पेटी. वर खऱ्या छपराचेच पर्लिन, म्हणजे पत्रे ज्यांवर बसवतात ते आडवे दांडे, तेच पत्रे, तेच स्क्रू. फटींतून हवा निसटू नये म्हणून पत्र्याखाली पातळ प्लास्टिक अंथरलंय, तेही चुण्या ठेवून, सैल. ताणून लावलं तर काही भार तेच पेलेल आणि चाचणी खोटी ठरेल.

आता खालून हवा भरली जातेय. दोन स्क्रूंमधला पत्रा फुगतोय. अमेरिकेतल्या यूएल 580 चाचणीत 90 चा दर्जा हवा असेल, तर शेवटी चौरस मीटरला 500 किलोंहून जास्त ओढ सोसावी लागते.

पण एकदाच जोर लावून भागत नाही, हे जगाला डार्विन शहरानं शिकवलं. 25 डिसेंबर 1974 च्या पहाटे ऑस्ट्रेलियातल्या या शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आदळलं. ताशी 217 किलोमीटरचा झोत नोंदवून वेगमापक बंद पडला. शहरातली बहुतेक घरं उद्ध्वस्त झाली. नंतरच्या तपासणीत दिसलं, की कितीतरी पत्रे एका झटक्यात गेलेच नव्हते. प्रत्येक झोताबरोबर पत्रा स्क्रूच्या डोक्याभोवती वाकत होता, पुन्हा सरळ होत होता. भोकाच्या कडेला केसाएवढ्या चिरा पडल्या, त्या लांबत गेल्या आणि शेवटी पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून निसटला. स्क्रू मात्र खालच्या लाकडात घट्ट!

म्हणून तिथे आता दाब 10,000 हून जास्त वेळा चढवतात आणि उतरवतात. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठातलं चाचणी केंद्र 1977 पासून हेच काम करतंय. स्क्रूखाली रुंद वॉशर घातला, की ओढ मोठ्या जागेवर पसरते. एवढीशी चकती, पण फरक मोठा.

पत्र्याची जाडी सगळेच विचारतात. प्रमाणपत्रात पर्लिनमधलं आणि स्क्रूमधलं अंतरही लिहिलेलं असतं, ते आवर्जून वाचा. बांधताना ते वाढवलं असेल, तर तो दर्जा तुमच्या छपराला लागू नाही.